पॅसेज म्हणजे उरलेली जागा नव्हे

जबलपूरच्या गढ्यात राहून आयुष्यभर मी इमारतींचे नकाशे काढले. ड्राफ्ट्समनच्या टेबलावर कॉरिडॉर रोजचाच. घरातला पॅसेज, दवाखान्यातला लांब मार्ग. पुढे महामार्गालाही तेच नाव, जंगलातल्या वाघांच्या वाटेलाही. या सगळ्यांकडे पाहता पाहता जे पटत गेलं ते लिहितो.

१. खोल्यांच्या आधी वाट आखा.
घर बांधायला निघालेलं कुटुंब आधी खोल्या मागतं. "पॅसेज थोडा कापा, बेडरूम वाढवा," ही मागणी ठरलेली. मी विचारतो, कपाट आत कुठून येणार? आजोबांना वॉकर लागला तर ते वळणार कसे? अडीच फुटांच्या पॅसेजमध्ये वळणावर दिवाण अडकतो आणि भिंतीचा कोपरा फुटतो. साडेतीन फूट ठेवा. घरातली प्रत्येक फेरी तिथूनच होते.

२. रुंदी मोजायची ती सामान ठेवल्यावरची.
गढा बाजारामागच्या जुन्या गल्ल्यांत उन्हाळा आला की खिडक्यांना कूलर लागतात. लोखंडी स्टँड गुडघ्याच्या उंचीवर गल्लीत येतो, त्याखाली बादली, शेजारी मोटारसायकल. नकाशात सहा फुटांची गल्ली चालायला तीन फूटच उरते. एका रात्री शेजारच्या काकूंना दवाखान्यात न्यायचं होतं. रुग्णवाहिका रस्त्यावर उभी, स्ट्रेचर गल्लीच्या तोंडाशी अडलेलं. पोरांनी मोटारसायकली उचलून बाजूला केल्या, पण कूलरचा स्टँड भिंतीत पक्का होता. शेवटी काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी बाहेर आणलं. त्या वाचल्या, पण तेवढ्या वेळात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

३. दवाखान्यात तडजोड नाही.
राष्ट्रीय इमारत संहिता रुग्णालयाच्या कॉरिडॉरला किमान २.४ मीटर रुंदी मागते. समोरासमोर आलेल्या दोन ट्रॉल्या सलाइनच्या स्टँडसकट एकमेकींना ओलांडून जायला हव्यात, खाट वॉर्डच्या दारात वळायला हवी. तिथे बाकं मांडायची असतील तर भिंतीत खोबण काढून मांडावीत. नातेवाइकांनाही बसायला जागा लागते, आणि ती नकाशातच द्यावी लागते. बाहेर पडायची दुसरी वाटही तितकीच महत्त्वाची. १ ऑगस्ट २०२२ रोजी जबलपुरातल्या एका खासगी रुग्णालयाला आग लागून आठ जणांचा जीव गेला. तिथे येण्याजाण्याची वाट एकच होती.

४. वाटेची दोन्ही तोंडं सांभाळा.
आमच्या मदनमहाल टेकडीवर गोंड राजांची वास्तू उभी आहे. त्याच घराण्याची राणी दुर्गावती १५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफखान याच्याशी लढली ती नर्रईला. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे गौर आणि नर्मदा. मोठ्या फौजेला अडवायला अशी अरुंद जागा उत्तम. पहिल्या झुंजीत राणीची सरशी झाली. मग मागचा नाला पुरानं भरला आणि माघारीची वाट बुडाली, असं सांगतात. पुढची बाजू राखताना मागचीही मोकळी लागते. घराचं मागचं दार कोळशाच्या पोत्यांनी बंद करणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगतो.

५. वाट जनावरांनाही लागते.
गढ्याहून तिलवारा घाट ओलांडून नागपूरला निघालं की सिवनीपुढे रस्ता पेंचच्या जंगलातून जातो. कान्हा आणि पेंच या दोन व्याघ्रप्रकल्पांमधलं जंगल म्हणजे वाघांचा कॉरिडॉर. ते तुटलं तर एकेका जंगलातले वाघ आपापसातच वाढत राहतील आणि त्यांचं रक्त दुबळं होईल. चौपदरी रस्ता झाला तेव्हा महाराष्ट्राच्या हद्दीत त्याखालून जनावरांसाठी नऊ मार्ग ठेवले; सर्वांत अरुंद ५० मीटरचा, सर्वांत मोठा ७५० मीटरचा. २०१९ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यांत अठरा जातींचे वन्यप्राणी टिपले गेले, त्यात अकरा वेगवेगळे वाघ होते. वेळेवर आणि पुरेशी रुंद वाट ठेवली की जनावरं ती वापरतात, याचा हा धडधडीत पुरावा आहे.

६. आपण मराठी माणसं जबलपुरात आलो तेही वाटेनंच.
१७८१ मध्ये हा मुलूख सागरच्या मराठ्यांकडे गेला, पुढे नागपूरकर भोसल्यांकडे. १८७० मध्ये मुंबईकडून आणि कोलकात्याकडून येणारे लोहमार्ग जबलपुरातच जोडले गेले. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला. राज्य, रेल्वे, नोकरी यांच्या मागोमाग मराठी घरं इथे आली आणि इथलीच झाली. कुणीतरी वाट मोकळी ठेवली होती. मागून येणाऱ्यांसाठी आपणही ती ठेवायला हवी.

७. मोकळी वाट वर्षातून एकदा तपासा.
काकूंच्या प्रसंगानंतर आमच्या गल्लीनं एक रीत पाडली. दिवाळीच्या साफसफाईत दोन पोरं एक खाट उचलून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेतात. खाट जिथे अडेल, तिथली वस्तू त्याच दिवशी हलते. मग ती कुणाचीही असो. वाद होतात, पण खाटेशी वाद घालता येत नाही. तुमच्या गल्लीत, सोसायटीच्या जिन्यात, शाळेच्या व्हरांड्यात हे करून पाहा. वाट कुणा एकाची नसते, म्हणून ती राखायचं काम कुणीच अंगावर घेत नाही. ते आपण घ्यावं.