संगणकाच्या स्मृतीचा ताळा

१८ मे २००३ रोजी बेल्जियममध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. देशाच्या काही भागांत मतदान संगणकावर होते. ब्रुसेल्स विभागातील स्कारबेक येथे एका महिला उमेदवाराची मते तिच्या पक्षयादीच्या एकूण मतांहूनही अधिक भरली. नियमानुसार हे अशक्य होते. फेरमोजणी झाली, तेव्हा नेमका ४,०९६ मतांचा फरक निघाला.

संगणक प्रत्येक संख्या ० आणि १ या दोनच अंकांनी लिहितो. या लेखनात उजवीकडून तेराव्या स्थानाची किंमत ४,०९६ असते. आज्ञावलीत दोष आढळला नाही. स्मृतीतील एक अंक आपोआप उलटला असावा, असे तज्ज्ञांनी अनुमान केले.

स्मृतीत प्रत्येक अंक अत्यल्प विद्युतभाराच्या रूपाने साठविलेला असतो. चिपच्या वेष्टनातील युरेनियम व थोरियमच्या अंशांतून निघणारे अल्फा कण तो भार बदलू शकतात, हे इंटेलच्या संशोधकांनी १९७८ मध्ये दाखवून दिले. विश्वकिरणांमुळे वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रॉनही हेच करतात. यंत्र बिघडत नाही, केवळ नोंद बदलते. म्हणूनच ही चूक सहसा लक्षात येत नाही.

यावरील उपाय हिशेबनिसास परिचित आहे. जमाखर्चाच्या तक्त्यात आडव्या व उभ्या बेरजा मांडलेल्या असतात. एकच आकडा चुकला, तर एक आडवी आणि एक उभी बेरीज जुळत नाही. त्या दोहोंच्या छेदावर चूक सापडते आणि फरकावरून मूळ आकडाही कळतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धती याच तत्त्वावर आधारलेली आहे. महत्त्वाच्या संगणकांतील दोषनिवारक स्मृतीत प्रचलित रचनेनुसार ६४ अंकांसोबत ताळ्याचे ८ अंक ठेवलेले असतात. वाचताना ताळा पाहिला जातो. एक अंक उलटला असल्यास तो तत्काळ दुरुस्त होतो. दोन उलटले असल्यास दुरुस्ती होत नाही, परंतु सूचना मिळते.

गावचा सातबारा व जन्ममृत्यूच्या नोंदी आज संगणकावर असल्याने कार्यालयांनी काही गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. अशी स्मृतिपट्टी बसविणे पुरेसे नाही. प्रोसेसर व मदरबोर्ड यांतही ही सोय असावी लागते. एकाच ठिकाणी वारंवार दुरुस्ती होत असल्याचे संगणकाच्या नोंदीत दिसल्यास ती पट्टी वेळीच बदलावी. मात्र मुळात चुकीची भरलेली माहिती कोणताही ताळा सुधारू शकत नाही. तिची पडताळणी आणि नोंदींची वेगळी प्रत यांची जबाबदारी माणसाचीच राहते.

स्कारबेकची चूक उघडकीस आली, कारण आकडा अशक्य होता. तेराव्याऐवजी तिसरा अंक उलटला असता, तर फरक केवळ चार मतांचा पडला असता आणि तो कदाचित कोणाच्याही ध्यानात आला नसता.