चाकांची फळी व लोभाचें गणित

खेळ म्हटला म्हणजे वेळेचा अपव्यय, असा एक समज वडीलधाऱ्या मंडळींत आढळतो. आणि खेळ म्हटला म्हणजे केवळ मौज, असा दुसरा समज विद्यार्थ्यांत आढळतो. आमच्या मतें हे दोन्ही समज अपुरे आहेत. कोणताहि खेळ कांहीं नियमांवर उभा असतो, आणि नियम आले कीं तेथें विचारास जागा झाली. म्हणून हातांत धरून खेळावयाच्या एका यंत्रांतील खेळाचा अभ्यास करण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्याचे नियम नीट तपासले असतां त्यांतून एक उपयुक्त गणित निघतें, आणि त्या गणिताचा संबंध केवळ खेळाशीं नसून आपल्या आचरणाशींहि आहे, असें वाचकांस दिसून येईल.

प्रथम मूळ खेळ समजून घेऊं. स्केटबोर्ड म्हणजे चार लहान चाकें लावलेली, दोन्ही टोंकांस किंचित् वर वळलेली लांकडी फळी. हिचा प्रसार अमेरिकेच्या कॅलिफोर्निया प्रांतांतून झाला. समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन तरंगणाऱ्या तरुणांनीं, लाटा नसतील त्या दिवशीं तीच मौज रस्त्यावर करावी या हेतूनें, १९५० नंतरच्या दशकांत ती हातीं घेतली. १९७० नंतर युरेथेन नांवाच्या चिवट पदार्थाचीं चाकें निघालीं व फळीस रस्त्याची चांगली पकड मिळूं लागली. त्याच दशकाच्या अखेरीस फ्लोरिडांतील ॲलन गेलफंड यानें फळी हातांनीं न धरतां तिच्यासह हवेंत उडी घेण्याची युक्ति काढली. तिला त्याच्या टोपणनांवावरून ‘ऑली’ म्हणतात. पुढें रॉडनी मलन यानें ती सपाट जमिनीवर साधली.

या उडींत कोणतीहि जादू नाहीं. मागच्या पायानें फळीच्या शेंपटीवर जोरानें आघात करावयाचा. शेंपूट जमिनीवर आपटून पुढचें टोंक वर उचललें जातें. त्याच क्षणीं पुढचा पाय फळीवर घांसत पुढें न्यावयाचा, म्हणजे मागचें टोंकहि वर येऊन फळी हवेंत सपाट होते. फळी पायांस चिकटलेली नसते. पाय व फळी एकाच वेळीं वर जात असल्यामुळें ती तशी भासते, एवढेंच.

आमच्या हिंगोली जिल्ह्यांत अशी फळी चालविणें सोपें नाहीं. पावसाळ्यांत येथील काळ्या जमिनीचा चिकट चिखल होतो व उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात. आणि या फळीचीं चाकें तर पांच-साडेपांच सेंटिमीटरांचीं. त्यांस गुळगुळीत फरसबंदी लागते. त्यामुळें सेनगांव किंवा कळमनुरीकडील मुलास या खेळाची पहिली ओळख बहुधा पडद्यावरच व्हावयाची. योगायोग असा कीं, १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून आमचा जिल्हा वेगळा झाला, आणि त्याच वर्षीं २७ जून रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें टोनी हॉक या खेळाडूनें हवेंत अडीच फेरे, म्हणजे ९०० अंश, फिरून फळीवर उतरण्याचा पराक्रम केला. त्याच वर्षीं त्याच्या नांवाचा ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर’ हा व्हिडिओ गेम बाजारांत आला. त्याचा दुसरा भाग २००१ सालीं निन्टेंडो कंपनीच्या ‘गेम बॉय ॲडव्हान्स’ या हातांत मावणाऱ्या यंत्रावर उतरला.

या यंत्रास दोन पेन्सिल-सेल पुरत. त्याचा पडदा आडवा २४० व उभा १६० ठिपक्यांचा, म्हणजे एकंदर ३८,४०० ठिपक्यांचा. एवढ्याशा जागेंत उतरणी, कठडे व जिने दाखवावयाचे, म्हणून चित्रकारांनीं देखावा वरून तिरपा काढला. माळवदावर उभें राहून अंगणाकडे पाहिलें असतां तें जसें दिसतें, तसाच हा देखावा दिसतो. डाव्या अंगठ्यानें दिशा द्यावयाची व उजव्या अंगठ्यानें बटनें दाबावयाचीं. हॉक यानें अनेकदां पडल्यानंतर जें साधलें, तें येथें कांहीं बटनांच्या योग्य क्रमानें साधतें.

आतां मुख्य नियम पाहूं. खेळाडूस एका डावास दोन मिनिटें मिळतात. प्रत्येक कसरतीस ठराविक गुण असतात. अनेक कसरती एकाच मालिकेंत जोडल्या, तर सर्वांच्या गुणांची बेरीज करून तिला कसरतींच्या संख्येनें गुणितात. समजा, प्रत्येकी ५०० गुणांच्या तीन कसरती जोडल्या. तर बेरीज १,५०० व तिची तिप्पट ४,५००. परंतु हे गुण खेळाडू फळीवर नीट उतरल्यावरच जमा होतात. शेवटच्या कसरतींत तो पडला, तर त्या मालिकेचें सारें फळ शून्य.

येथें विद्यार्थ्यांनीं पाटी घ्यावी. प्रत्येक कसरत ५०० गुणांची आहे असें धरूं. (प्रत्यक्षांत तीच कसरत पुनःपुन्हां केली असतां तिचे गुण घटतात, तें सोपेपणासाठीं सोडून देऊं.) नवशिक्या खेळाडूची प्रत्येक कसरत दोन वेळांपैकीं एकदां साधते असें माना. एकच कसरत करून थांबल्यास ५०० गुण, पण निम्म्याच वेळां. म्हणून सरासरी २५०. दोन कसरतींस २,००० गुण, पण चार वेळांतून एकदां, सरासरी ५००. तीन कसरतींस ४,५०० गुण, आठांतून एकदां, सरासरी ५६२॥. चार कसरतींस ८,००० गुण, सोळांतून एकदां. सरासरी पुनः ५००. पांच कसरतींस १२,५०० गुण, बत्तिसांतून एकदां. सरासरी सुमारें ३९१. म्हणजे पडद्यावरील आंकडा सारखा वाढत असतो, पण पदरीं पडणारें फळ तिसऱ्या पायरीनंतर घटूं लागतें.

आतां दुसरा खेळाडू घ्या. त्याला पुष्कळ सराव असून पांच वेळांपैकीं चार वेळां त्याची कसरत साधते. त्याचें गणित केलें तर सरासरी नवव्या कसरतीपर्यंत वाढत जाते व तेथें ती सुमारें ५,४३६ होते. दहावीस ती ५,३६९ वर उतरते. या दोन आंकडेमोडींतून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली, प्रत्येकाची थांबण्याची एक पायरी असते. कुशल मनुष्यासहि ती असतेच. दुसरी, ती पायरी धाडसानें पुढें सरकत नाहीं, सरावानें सरकते. नवशिक्यानें कुशलाचें अनुकरण करून नऊ कसरती जोडावयास घेतल्या, तर ५१२ वेळांतून तो एकदांच उतरेल.

हा प्रश्न खेळापुरता नाहीं. हळदीचा भाव चढूं लागला म्हणजे आज माल विकावा कीं आणखी आठ दिवस थांबावें, हा विचार वसमतकडील शेतकऱ्याच्या मनांत येतोच. त्याचा हिशेब निराळा असला तरी प्रश्न तोच: वाढत्या आंकड्याकडे पाहावें कीं हातीं येणाऱ्या फळाकडे? शुभवर्तमानांतहि बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्याचा दाखला आहे. शेवटास नेण्याइतकें आपल्याजवळ आहे कीं नाहीं, याचा हिशेब त्यानें आधीं बसून करावयाचा असतो.

मात्र एक भेद विसरूं नये. यंत्रांतील मुलगा पडला तर दुसऱ्याच क्षणीं उठून उभा राहतो. खऱ्या फळीवरून पडणाऱ्याचा गुडघा फुटतो. २०२१ मध्यें झालेल्या टोकियो ऑलिंपिकांत हा खेळ प्रथमच समाविष्ट झाला आणि जपानच्या मोमिजी निशिया हिनें तेराव्या वर्षीं सुवर्णपदक मिळविलें. पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिनें २०२२ सालीं गुजरातेंत झालेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविलें. त्यांची कमाई पायांची आहे. अंगठ्याचा सराव पायांत उतरत नाहीं. तथापि पडण्याची किंमत नसणें, हाच यंत्राचा शिक्षक या नात्यानें गुण आहे: लोभाचा परिणाम तें फुकट शिकवितें. पण जेथें पैसा लावावा लागतो, अशा मोबाईलवरील खेळांत हाच लोभ घरची पुंजी खातो. २०२५ सालीं आपल्या संसदेनें पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो याच कारणानें. कायदा बाहेरचें दार बंद करतो. आंतलें दार ज्याचें त्यानेंच लावावयाचें असतें.

शेवटीं एक सूचना. यंत्र दोन मिनिटांनीं डाव थांबवितें, परंतु तो पुनः सुरू करण्याचें बटन खेळाडूच्याच हातीं असतें. डावांतील थांबण्याची पायरी ज्यानें ओळखली, पण डावांची पायरी ओळखली नाहीं, त्यानें गणित अर्धेंच सोडविलें. आमच्या विद्यार्थी मित्रांनीं खेळावें, हिशेब ठेवावा, आणि किती डाव खेळावयाचे तें यंत्र हातीं घेण्यापूर्वींच ठरवावें. तेवढें साधलें, तर तो वेळ वायां गेला असें कोणीहि म्हणणार नाहीं.