पूर्वगृहीतक : ‘ऑर्फन’ चित्रपटाच्या निमित्ताने

प्रत्येक वाक्य काही सांगते आणि काही न सांगता गृहीत धरते. या गृहीत भागास ‘पूर्वगृहीतक’ म्हणतात. एक उदाहरण पाहू.

जौमे कोलेट-सेरा दिग्दर्शित ‘ऑर्फन’ (2009) या भयपटात एक अमेरिकन दांपत्य अनाथालयातून एस्थर ही नऊ वर्षांची मुलगी दत्तक घेते. त्यानंतर घरात भीषण घटना घडू लागतात. चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये एक वाक्य होते. दत्तक मुलावर स्वतःच्या मुलाइतके प्रेम करणे कठीण असेल, असा त्याचा आशय होता. दत्तकविषयक संस्थांनी आक्षेप घेतल्यावर ते ट्रेलरमधून वगळण्यात आले.

आता याच आशयाचे वाक्य नकारार्थी करा : ‘दत्तक मुलावर स्वतःच्या मुलाइतके प्रेम करणे कठीण नसते.’ विधान उलटले. परंतु दत्तक मूल ‘स्वतःचे’ नव्हे, हे गृहीतक कायम राहिले. नकारानंतरही जे टिकते, ते पूर्वगृहीतक होय.

अखेरीस एस्थर मूल नसून 33 वर्षांची स्त्री असल्याचे उघड होते. म्हणजे दत्तक मुलाविषयीची भीती कथेतच निराधार ठरते. मात्र तोवर प्रेक्षकाचे भय तिच्यावरच पोसलेले असते.

‘अगदी पोटच्या मुलासारखे वाढवले’ हे कौतुकही आपण सहज करतो. ते ऐकणाऱ्या मुलाच्या मनात काय उमटत असेल, याचा विचार करावा.

स्वाध्याय : वरील कौतुकाच्या वाक्यातील पूर्वगृहीतक सांगा. ते टाळून तोच जिव्हाळा व्यक्त करणारे वाक्य लिहा.