पापणीवरचं इसब आणि बिनस्टेरॉइडचं मलम

माझं इसब लहानपणापासूनचं. आधी कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत होतं, पुढे मानेवर आलं आणि चाळिशीच्या आसपास थेट पापण्यांवर. तेव्हा स्किनच्या डॉक्टरांनी टॅक्रोलिमस नावाचं मलम लिहून दिलं. ते वापरता वापरता जे उमगत गेलं, ते सांगते.

१. शरीरावरचं सगळं कातडं सारखं नसतं. तळहाताला जे चालतं ते पापणीला झेपत नाही. स्टेरॉइडचं मलम खाज झटपट उतरवतं, यात वाद नाही. पण पापणीसारख्या नाजूक जागी ते फार दिवस लावलं तर कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, डोळ्यातला दाबही वाढू शकतो. टॅक्रोलिमसने कातडी पातळ होत नाही. म्हणूनच चेहरा, मान, काखा, जांघा अशा जागांसाठी डॉक्टर ते निवडतात. स्टेरॉइड वाईट, असा मात्र याचा अर्थ नाही. हातापायांवर इसब भडकलं की आजही मला थोडे दिवस तेच दिलं जातं आणि मी ते निर्धास्त लावते.

२. सुरुवातीचे काही दिवस आग होते, आणि चांगलीच होते. मिरच्या चिरलेला हात चुकून डोळ्याजवळ जावा, तशी. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, म्हणून मी टिकले. नाहीतर ‘हे मलम मला सोसत नाही’ म्हणून ट्यूब कपाटात गेली असती. कितीतरी जणांची तशी जाते, आणि मला त्याचंच फार वाईट वाटतं, कारण कातडी जसजशी सावरते तसतशी ही आग आपोआप कमी होते. बारकावे वापरातूनच कळत गेले. आंघोळ करून ओल्या अंगाला लावलं की जास्त झोंबतं. अंग टिपून, पूर्ण कोरडं झाल्यावर लावावं. मलम लावून लगेच गॅससमोर पोळ्या लाटायला उभं राहिलं की गाल पेटतात, म्हणून मी ते रात्री, ओटा आवरून झाल्यावर लावू लागले. ट्यूब थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवली तर पहिला झोंबरा स्पर्श सुसह्य होतो. दुपारच्या उन्हात ते लावून फिरायचं नाही, हे डॉक्टरांनी निक्षून सांगितलं आहे.

३. खोक्यातला कागद वाचून पोटात गोळा येतो. कॅन्सर हा शब्द त्यात असतो. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००६ मध्ये या प्रकारच्या मलमांवर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला. त्याला आधार होता प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आणि काही रुग्णांच्या नोंदींचा. पुढे हजारो मुलांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या गेल्या; त्यांत कॅन्सरचं प्रमाण अपेक्षेपेक्षा वाढलेलं दिसलं नाही. मी तो कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले, त्यांनी ओळ न ओळ समजावली, आणि मग मी लावायला घेतलं. भीती वाटली तर विचारावं. मनात ठेवून अर्धवट लावण्याने ना आजार बरा होतो, ना भीती जाते.

४. हे औषध मातीतून आलं, हे कळलं तेव्हा मी थक्क झाले. जपानमधल्या त्सुकुबा पर्वताच्या पायथ्याच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून १९८४ मध्ये ते मिळालं. आधी यकृत आणि मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी ते वापरलं गेलं, कारण परक्या अवयवावर तुटून पडणाऱ्या पेशींना ते शांत करतं. इसबात त्यांच्यासारख्याच पेशी आपल्याच कातडीवर उठलेल्या असतात. मलम म्हणून ते १९९९ च्या सुमारास आलं. माझ्या आईच्या तरुणपणी हा पर्यायच नव्हता. ती हिवाळाभर खोबरेल तेलाचे हात फिरवायची आणि रात्र रात्र खाजवत बसायची.

५. मलम म्हणजे मॉइश्चरायझर नव्हे. तो वेगळा, रोजचा, आणि भरपूर लागतो. मलम मात्र पातळ थरात.

६. खाज थांबली म्हणजे काम संपलं, असं नाही. वरून कातडी नितळ दिसते, आत धग असते. सतत उलटणाऱ्या इसबाला डॉक्टर आठवड्यातून दोनदा, त्याच जुन्या जागांवर लावत राहायला सांगतात. बऱ्या झालेल्या कातडीला औषध लावायला मन तयार होत नाही. पण दिवाळीनंतरच्या कोरड्या थंडीत माझ्या पापण्या फुटायच्या थांबल्या, त्या यामुळेच.

७. माझी ट्यूब माझीच. बहिणीने तिच्या मुलासाठी मागितली, तेव्हा मी दिली नाही. दोन ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी ०.०३ टक्क्याचं असतं, मोठ्यांसाठी ०.१ टक्क्याचंही. शिवाय कातडीतून पू येत असेल किंवा नागिणीसारखे फोड असतील, तर हे लावायचंच नाही, आधी डॉक्टरांना दाखवायचं.

८. सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं ते हे. आपल्याकडे खाज म्हटली की मेडिकलमधून एक ट्यूब येते. तिच्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोरदार स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र असतं. गजकर्णालाही तीच, इसबालाही तीच, गोरं दिसायलाही तीच. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती सर्रास मिळतात. घरातल्या ट्यूबवरची बारीक अक्षरं आज वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं आणि ते बरेच दिवस चेहऱ्यावर लागत असेल, तर एकदम बंद करू नका, चेहरा आणखी भडकू शकतो. ती ट्यूब हातात घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि बिनस्टेरॉइडचं काही चालेल का, ते विचारा.