पाटीवर काय लिहावे? पाहुणचाराच्या व्यवसायासाठी दृष्टी, कार्य आणि मूल्ये



जंगलपट्ट्यातील एखाद्या महिला बचत गटाला पाहुण्यांसाठी दोन खोल्या किंवा एक खानावळ सुरू करायची असते. तेव्हा मदत करणारे आपण लोक पैसे, गाद्या, भांडी यांची चिंता करतो. प्रकल्पाच्या कागदावर ‘व्हिजन, मिशन, व्हॅल्यूज’ असे तीन रकाने आले, की शहरातील एखादा सुशिक्षित भाऊ ते एका बैठकीत भरून टाकतो. व्यवसाय बायांचा, शब्द मात्र परक्याचे. या अंकातील पाठ त्या तीन रकान्यांविषयी आहे.

वचनाचा आधार

हबक्कूक २:२ मध्ये परमेश्वर संदेष्ट्याला दृष्टान्त पाट्यांवर लिहायला सांगतो. तो इतका स्पष्ट असावा, की धावणाऱ्यालाही वाचता यावा. लिहिलेले सुंदर असावे असे तेथे म्हटलेले नाही. वाचणाऱ्याला कळावे एवढीच अट आहे. आपल्या कामालाही हीच कसोटी लावू या.

तीन शब्दांचा अर्थ

दृष्टी म्हणजे आपल्या कामामुळे दहा-वीस वर्षांनी आपले गाव कसे दिसावे, याचे चित्र. कार्य म्हणजे ते चित्र खरे व्हावे म्हणून आपण रोज कोणासाठी काय करतो. मूल्ये म्हणजे ते करताना आपण काय सोडणार नाही आणि पैसे मिळत असले तरी काय करणार नाही.

दृष्टी: सर्वांच्या तोंडी बसेल अशी

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटे गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा देशभर पोहोचली. ती केवळ भिंतीवर राहिली नाही. गावाचे निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने होऊ लागले. २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. २०११ साली स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला.

ही खानावळीची गोष्ट नाही, पण दृष्टी कशी लिहावी याचा याहून चांगला धडा जवळपास सापडणार नाही. वाक्य छोटे आहे. ते ज्यांचे आहे त्यांनाच ते म्हणता येते. निर्णयाची वेळ आली, की त्यावर घासून पाहता येते. आता ‘उत्कृष्ट सेवेद्वारे अग्रगण्य पर्यटन केंद्र बनणे’ हे वाक्य शेजारी ठेवून पाहा. त्यावरून कोणता निर्णय घेता येईल?

कार्य: आधी विचारा, मग लिहा

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दवाखाना बांधण्यापूर्वी त्यांनी आदिवासींनाच विचारले, की तुम्हाला दवाखाना कसा हवा? मोठ्या इमारतीची भीती वाटते, आजाऱ्याजवळ नातेवाइकांना राहू देत नाहीत, अशी उत्तरे आली. म्हणून शोधग्रामचा दवाखाना आदिवासी गावासारखा, झोपड्यांचा झाला. कुटुंबाला आजाऱ्याजवळ राहता येऊ लागले आणि दवाखान्याला लोकांच्या श्रद्धेतील दंतेश्वरीचे नाव मिळाले. ज्यांच्यासाठी काम आहे त्यांच्या उत्तरातून कामाचा आकार ठरला.

आपल्या गटानेही दोन बाजूंना विचारावे. पाहुण्याला काय हवे? ताडोबाचा पाहुणा पहाटेच्या सफारीला उजाडण्याआधी निघतो. त्याला वेळेवर चहा आणि बरोबर बांधून दिलेली न्याहारी लागते. दुसरी बाजू घरच्या बायांची. धानाची रोवणी, मोहफुलांचा आणि तेंदूपानांचा हंगाम चालू असताना त्यांना किती पाहुणे झेपतात? शिवाय ताडोबाचा गाभा पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, बंद असतो. ते तीन महिने मिळकत कशी चालेल, हा प्रश्न कार्य लिहितानाच सुटला पाहिजे.

मूल्ये: जिथे पैसा सोडावा लागतो

स्वच्छता, प्रामाणिकपणा, आदर हे शब्द कोणीही लिहितो. एखादे मूल्य खरे आहे की नाही, हे त्यासाठी काही सोडावे लागते तेव्हाच कळते. या भागातील तीन प्रसंग पाहू.

पहिला दारूचा. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तेथे पाहुण्याने मोहाची दारू मागितली, तर कायदाच उत्तर देतो. चंद्रपूर जिल्ह्यात मात्र २०१५ साली लागू झालेली बंदी २०२१ साली उठली. तेथे उत्तर गटाला स्वतः ठरवावे लागेल. ज्या बायांनी घरात दारूचा मार सोसला आहे, त्यांचे मत या ओळीत आधी ऐकले पाहिजे.

दुसरा नाचाचा. पाहुणे म्हणतात, आदिवासी नाच दाखवा, पैसे देतो. रेला हा गोंड-माडिया समाजाच्या सणासमारंभाचा आनंद आहे. तो मागणीवर दाखवायचा का, फोटो काढू द्यायचे का, हे गावाने ठरवावे. पाहुण्यानेही नाही आणि आपणही नाही.

तिसरा वाघाचा. ‘वाघ नक्की दिसेल’ असे सांगितले, की खोली लवकर भरते. पण वाघ कोणाच्या शब्दाला बांधलेला नाही. मत्तय ५:३७ मध्ये प्रभू आपल्याला होकाराला आणि नकाराला जागायला शिकवतो. उत्पत्ति १८ मधील अब्राहाम आठवा. मम्रे येथे त्याने पाहुण्यांना थोडेसे अन्न देतो म्हटले आणि पुढे ठेवले कोवळे वासरू, दही आणि दूध. थोडे सांगावे आणि जास्त द्यावे, हा जुना पाहुणचार आहे.

एक नमुना

समजा, मोहर्लीजवळच्या गावातील सहा बायांचा गट आहे. त्यांचे लिखाण असे होऊ शकेल:

दृष्टी: आमच्या मुलींना कामासाठी गाव सोडावे लागू नये आणि आमचे जंगल उभे राहावे.

कार्य: जंगल पाहायला आलेल्या कुटुंबांना आम्ही स्वच्छ खोली, वेळेवर चहा आणि आमच्या घरचे जेवण देतो. पावसाळ्यात आम्ही पत्रावळी आणि बांबूच्या वस्तू करून विकतो.

मूल्ये: आम्ही वाघाची हमी देत नाही. आमच्याकडे दारू मिळत नाही. भाव पाटीवर लिहिला आहे, तो सर्वांना सारखा. अंधार पडल्यावर पाहुण्याला एकट्याने बाहेर जाऊ देत नाही. विचारल्याशिवाय आमचा फोटो काढू नये. महिन्याचा हिशोब सहाही जणींसमोर वाचला जातो.

हे उतरवून घेऊ नका. यावर वाद घाला. गटात गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या बाया असतील, तर चर्चा त्यांच्या बोलीत होऊ द्या आणि मराठी नंतर करा. लिहून झाल्यावर ज्या बाईला वाचता येत नाही तिला ते तोंडी सांगायला सांगा. ती जिथे अडखळेल ते वाक्य बदला.

आपले काम कोणते?

सहाय्य करणाऱ्या मंडळीचा मोह असा, की पैसा आपला म्हणून पाटीवर नावही आपले आणि वचनही आपल्या आवडीचे. गटात वेगवेगळ्या श्रद्धेच्या बाया असतात. इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात अनोळख्यांचा पाहुणचार विसरू नका असे शिकवले आहे. येथे ती शिकवण पाळायची, तर आपण त्यांच्या अंगणातले पाहुणे आहोत हे आधी ओळखले पाहिजे. पाहुणा घराची पाटी लिहीत नाही. तो विचारतो, ऐकतो आणि सांगितले तेवढे काम करतो.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपण साहाय्य करतो त्या कामाची दृष्टी तेथील लोकांना स्वतःच्या शब्दांत सांगता येते का?
२. आपल्या मूल्यांपैकी कोणत्या मूल्यासाठी गेल्या वर्षी आपण पैसा सोडला?
३. दर सहा महिन्यांनी ही पाटी पुन्हा वाचून तपासायची जबाबदारी कोणाची?

प्रार्थनेचा विषय: जंगलपट्ट्यात पाहुण्यांसाठी चूल पेटवणाऱ्या प्रत्येक बहिणीच्या हाताला यश मिळावे, आणि बोलण्याआधी ऐकण्याची नम्रता प्रभूने आपल्याला द्यावी. आमेन.