पायाचं ऐका, रिपोर्टचं नंतर

१. कंबर दुखते म्हणून गेले, पण डॉक्टरांनी कंबरेकडे सगळ्यात शेवटी पाहिलं. आधी टाचांवर चालवलं, मग चवड्यांवर. टेबलावर आडवं करून पाय सरळ वर उचलला; अर्ध्यावर येतो न येतो तोच कुल्ल्यापासून नडगीपर्यंत सणकन कळ गेली. मग पायाचा अंगठा वर ओढून धरायला सांगितला आणि दोन बोटांनी दाबला. तो सहज खाली गेला. ‘चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी दिसतेय,’ ते म्हणाले. एमआरआयनेही पुढे तेच सांगितलं. गादीतला मऊ गर बाहेरचं कडं फाडून नसेवर आला, की दुखणं नसेच्या वाटेने पायात उतरतं.

२. एमआरआयचा रिपोर्ट घरी एकटीने वाचू नये. ‘बल्ज’, ‘डिजनरेशन’ वाचून माणूस अर्धा खचतो. कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांवर लोकांच्या तपासण्यांचा एक आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत गादी फुगलेली निघाली! माझ्याही रिपोर्टात तीन गाद्यांची नावं होती. त्रास देणारी एकच होती.

३. पायाळू माणसाकडून लाथ मारून घ्यायचा सल्ला मिळेलच. साधी उसण काही दिवसांत आपली आपण उतरते आणि श्रेय पायाळूला जातं. पण कळ पायात उतरत असेल तर कंबर कुणाच्याही हाती देऊ नका, मोडून-ओढून ‘बसवणाऱ्या’च्या तर मुळीच नाही.

४. फळीवर पडून राहणं हा इलाज नव्हे. मोठ्या माणसाच्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिचं पोषण शेजारच्या मणक्यांतून झिरपत येतं आणि त्याला हालचाल लागते. फार ठणकत होतं तेव्हा एक-दोन दिवस पडले. नंतर घरातल्या घरात फेऱ्या, मग गल्लीच्या टोकापर्यंत. बसणं मात्र चालण्यापेक्षा जड गेलं, रिक्षात तर फारच.

५. सकाळी उठल्या उठल्या बादली उचलू नका. रात्रभरात गाद्या पाणी शोषून टम्म झालेल्या असतात आणि वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त येतो. शिंक आली तर भिंतीला हात टेका. (हे मला डॉक्टरांनी नाही, शेजारच्या काकूंनी शिकवलं.)

६. ‘ऑपरेशनशिवाय सुटका नाही’ हे दरवेळी खरं नसतं. बाहेर आलेला गर बऱ्याच जणांत काही महिन्यांत शरीरच शोषून घेतं. ऑपरेशनने पायाची कळ लवकर थांबते, हेही तितकंच खरं. वर्षभरानंतर मात्र दोन्हीकडचे बरेचसे रुग्ण सारख्याच जागी असतात. घाई नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्यावं.

७. घाई कधी करायची, ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली, पाऊल लुळं पडायला लागलं, तर शेक नको, मलम नको, सकाळची वाटही नको. त्याच रात्री मणक्याचं ऑपरेशन होणाऱ्या मोठ्या रुग्णालयात जा.