हिरवा सिग्नल आणि हिरवा झेंडा

माझा रूममेट शिरूरचा. त्याच्या मामांना लिम्फोमा निघाला त्या रात्री त्याने मला विचारलं, "रक्तात एवढ्या पांढऱ्या पेशी आहेत, मग त्या कॅन्सरला मारत का नाहीत?" मी मेकॅनिकलचा, मला काय डोंबल येणार! बायोटेकवाल्या मित्राचं पुस्तक आणून आम्ही दोघे बसलो.

टी-पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे ग्राही, म्हणजे रिसेप्टर असतात. ग्राहीत नेमका बसणारा रेणू म्हणजे लिगंड. आकार जुळला की पेशीच्या आत रासायनिक निरोप जातो. इथवर कुलूप-किल्लीचं उदाहरण चालतं. पुढे चालत नाही, कारण टी-पेशीला एक किल्ली पुरत नाही.

मी दौंडचा, त्यामुळे मला स्टेशन आठवलं. गाडी सुटायला पुढचा सिग्नल हिरवा लागतो, आणि मागून गार्डचा (आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) हिरवा झेंडाही. टी-पेशीचा मुख्य ग्राही परक्या प्रथिनाचा तुकडा ओळखतो, तो सिग्नल. सीडी28 या दुसऱ्या ग्राहीला बी7 हा लिगंड भेटतो, तो झेंडा. नुसता सिग्नल मिळाला तर पेशी उलट सुस्त पडते. ही सोय आपल्याच भल्याची, नाहीतर टी-पेशी आपल्याच सांध्यांवर तुटून पडतील. (शिरूरला रेल्वे नाही, त्यामुळे रूममेटला हे पटायला वेळ लागला.)

अनेक कॅन्सरपेशी हा झेंडा दाखवतच नाहीत. काही तर पीडी-एल1 हा लिगंड पुढे करतात. तो टी-पेशीच्या पीडी-1 ग्राहीवर बसला की साखळी ओढल्यासारखा ब्रेक लागतो.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी यावर जे केलं ते अस्सल इंजिनिअरिंग आहे. रुग्णाच्याच टी-पेशी काढून त्यांत नवं जनुक घालतात. मग पेशीवर कृत्रिम ग्राही येतो. त्याचं बाहेरचं टोक बी-पेशीवरच्या सीडी19 ला चिकटतं, आणि आत सिग्नल व झेंडा एकाच दांड्यावर बसवलेले. अँड गेटची दोन्ही इनपुट एकाच तारेला जोडली म्हणा ना! या नेक्सकार19 ला ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली. चाचण्यांत परिणाम तपासता आलेल्या 51 रुग्णांपैकी 73 टक्क्यांना गुण आला. परदेशात अशा उपचाराला कोटींत पैसे लागतात. इथे 2024 मध्ये 30 ते 40 लाख सांगितले जात होते. शिरूरच्या शेतकऱ्याला तेही जमीन विकायला लावणारेच.

धोका असा, की सीडी19 निरोगी बी-पेशींवरही असतं. त्याही मरतात. शिवाय पेटलेल्या टी-पेशींमुळे रक्तात सायटोकाइनचा पूर येतो. ताप चढतो, रक्तदाब उतरतो.

"मग ही गाडी थांबवायची कशी?" रूममेटने विचारलं. उत्तर पुन्हा ग्राहीतच निघालं. टोसिलिझुमॅब हे औषध इंटरल्युकिन-6 च्या ग्राहीवर आधीच जाऊन बसतं, त्यामुळे खऱ्या लिगंडला जागाच उरत नाही.

मामांची आधी केमो आहे. पहिला डोस सोमवारी.